गोदामातल्या मांजरीचा डबा

कापडाच्या गोदामात धूळ कुठून येते ते आजवर कुणाला सांगता आलेलं नाही. दारं बंद, खिडक्यांना जाळी, तरी सकाळी गासडीवर बोट फिरवलं की रेघ उमटतेच! किश्शांचंही तसंच बघा. कुणी मुद्दाम आणून टाकत नाही. रोज थोडे थोडे बसत जातात, आणि एक दिवस झटकायला घ्यावं तर नाकातोंडात जातात.

माझ्याकडचे बहुतेक किस्से एका मांजरीचे आहेत. आणि तेही तिच्या खाण्याचे!

मी बार्शीचा. ऐन तरुणपणी सोलापूरच्या एका कापड मिलमध्ये गोदामाचा कारकून म्हणून चिकटलो. कोऱ्या कापडाला खळ असते, आणि खळ म्हणजे शेवटी पीठच. उंदरांना ती पंगतच! एका पावसाळ्यात त्यांनी धोतरांची अख्खी गासडी कुरतडून जाळी केली. तेव्हा मॅनेजरसाहेबांनी हुकूम काढला, ‘गोदामात मांजर ठेवा.’

ती आणली मल्लप्पानं. मल्लप्पा आमच्या हमालांचा मुकादम. दुधनीचा, लिंगायत, कपाळाला विभूतीचे पट्टे, मांसाचं नाव काढलं तरी ‘शिवा शिवा’ म्हणणारा. दुधनीहून टोपलीत घालून आगगाडीनं तो मांजरी घेऊन आला. मिलच्या चिमणीतून निघणाऱ्या धुरासारखी काळीकुट्ट. म्हणून तिचं नावच पडलं चिमणी.

उंदरांचा बंदोबस्त तिनं चोख केला. पण उंदरांवर राहील तर ती चिमणी कसली! दुपारची शिट्टी झाली की ती प्रत्येकाच्या डब्यापाशी हजर. आणि तिला काय चालतं, काय नाही, हे आम्हाला एकेक करून कळत गेलं. प्रत्येक वेळी जीव टांगणीला लावून!

*

पहिला दणका दिला रसूलभाईच्या खिम्यानं.

रसूलभाई गोदामाचा पहारेकरी. दणकट गडी, भरघोस मिशा. पण चिमणी मांडीवर चढली की पार विरघळायचा. त्याच्या घरून रोज खिमा यायचा आणि त्यातला एक घास रोज चिमणीला. आम्हाला वाटायचं, हिच्याइतकं नशीबवान मांजर सोलापुरात नसेल.

काही दिवसांनी चिमणी गासडीवर चढेना. मग चालेनाशीच झाली. आडवी पडून नुसती धापा टाकायची. एके सकाळी मलमलीच्या तुकड्यावर तिनं लघवी केली ती काळपट लाल! मल्लप्पानं तिचा ओठ वर करून पाहिलं. हिरड्या धुवट कापडासारख्या पांढऱ्याफटक.

“रगतच न्हाई की हो हिच्या अंगात!” तो म्हणाला, आणि खालीच बसला.

टांगा केला. टोपलीत चिमणी, टोपलीवर रसूलभाईचा हात. आमचे डॉक्टर म्हणजे गुरांचे डॉक्टर रानडे. तेही मुख्यतः घोड्यांचे! टोपली बघून म्हणाले, “मांजर? अहो, मी टांग्याचा घोडाच सोडून घेणार होतो!” पण हिरड्या पाहिल्या आणि त्यांची थट्टा थांबली.

“खायला काय घालता?”

“गोश्त, डॉक्टरसाब. असली बकरे का खीमा.”

“कांदा असतो त्यात?”

“हौ. कांदा नै तो खीमा कैसा बनता, साब?”

“लसूण?”

“वो बी है.”

डॉक्टरांनी पुन्हा एकदा चिमणीचा ओठ वर केला. मग म्हणाले, “गुरांनी कांदा फार खाल्ला की त्यांच्या रक्ताचं पाणी होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मांजराचं मी छातीवर हात ठेवून सांगत नाही. पण आजपासून कांदा-लसूण बंद. शिजलेला, कच्चा, रश्श्यातला, कसलाही नको. अंडं उकडून द्या. जगली तर जगली.”

पुढचे दिवस गोदामात कुणी मोठ्यानं बोललं नाही. रसूलभाई तिच्याजवळून हलेना. उकडलेल्या अंड्याचा बलक बोटावर घेऊन तिच्या तोंडापुढं धरायचा. ती तोंड फिरवायची, तो पुन्हा धरायचा. त्याचे ओठ हलताना दिसायचे. दुआ मागत होता की माफी, कोण जाणे!

आणि एका दुपारी तिनं बोट चाटलं. नुसतं चाटलं नाही, चावलं! रक्त आलं. रसूलभाई ते बोट उंच धरून गोदामभर नाचला. “काटी! देखो, काटी मेरेकू!”

त्यानंतर त्यानं स्वतःच्या खिम्यातलाही कांदा बंद केला. आठवड्याभरानं त्याची बायको दाराशी येऊन मला विचारते, “कारकूनसाब, हमारे घर में बीमार कौन है, जरा बताव तो!”

*

मांजराला दूध दिलं की संपलं, अशी मल्लप्पाची ठाम समजूत. चिमणी बरी झाल्याच्या आनंदात त्यानं घरच्या म्हशीचं दूध आणलं. सायीसकट. लोटाभर! तिनं ते संपवलंही.

दुसऱ्याच दिवशी बार्शीचे एक बडे व्यापारी माल बघायला यायचे होते. आमचे गोदाम कीपर बापूराव सकाळपासून घायकुतीला आलेले. बापूराव म्हणजे काळा कोट, पगडी, घरी सोवळं-ओवळं कडक, आणि गोदामात एक सुरकुती खपायची नाही. व्यापाऱ्यांना दाखवायला कापडाची उत्तम ठाणं निवडून त्यांनी चौथऱ्यावर मांडली.

व्यापारी फाटकातून आत शिरले, आणि मला वरच्याच ठाणावर चिमणीच्या पोटातलं कालचं दूध दिसलं! कुठल्या रूपात, ते विचारू नका.

“बापूराव!” मी नुसतं बोट दाखवलं.

पुसायला वेळ नाही, लपवायला जागा नाही. व्यापाऱ्यांचे जोडे दारात वाजले. बापूरावांनी एकदा आढ्याकडं पाहिलं, कोटाचा घोळ सावरला आणि त्या ठाणावर जाऊन बसले!

व्यापारी आले. बापूराव उठले नाहीत. रामराम बसून, पान-सुपारी बसून. मी बाकीची ठाणं उलगडून दाखवतोय. व्यापाऱ्यांची नजर मात्र हळूहळू एकाच जागी खिळत चाललेली.

“बापूराव, जरा उठा की. ते खालचं ठाण बघू.”

“ते... ते दाखवायचं नाही.”

“का बरं?”

“ते राखून ठेवलंय.”

व्यापारी हसले. काठी टेकून समोरच बसले. “इतकी वर्षं माल घेतोय मी. तुमच्यासारखा माणूस पाव्हण्यापुढं उठत न्हाई, म्हंजे मालच तसला हाय! घेईन तर तेच घेईन!”

*

आमचा विणकाम मास्तर गोरा साहेब होता. उंच, तांबडा, कमी बोलणारा. मशीन बंद पडलं तर माणसाकडं असा बघायचा की त्या माणसाची चूक नसली तरी तो कबूल करून टाकेल! पण चिमणीवर मात्र त्याचा जीव.

नाताळात विलायतेहून त्याला चॉकलेटची पेटी आली. राउंडला येताना एक वडी खिशात घालून आणली आणि चिमणीला चाटवली. मांजराला गोडाची आवड नाही म्हणतात, पण त्यात लोणी असावं. तिनं निम्मी वडी फस्त केली.

साहेब गेला. आणि थोड्या वेळानं चिमणी ओकायला लागली. मग अंगाला कंप सुटला. मग वेड्यासारखी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पळायला लागली. मी तिला धरलं तर हाताखाली तिचं काळीज असं उडत होतं, जणू मागाचा धोटा चाललाय! दिवे लागेपर्यंत आम्ही तिला आळीपाळीनं पोत्यात गुंडाळून धरून बसलो. संध्याकाळी ती निवली. पण ही गोष्ट साहेबाला सांगायची कुणी? त्याच्या हातानं मांजर मरता मरता वाचलं, हे?

कुणीच सांगितलं नाही.

पुढच्या आठवड्यात साहेब पुन्हा आला. खिशात हात घातला. कागद चुरचुरला. चिमणी आवाज ओळखून निघालीच! रसूलभाईनं माझा दंड घट्ट धरला. साहेब वाकला, वडी पुढं केली, तिचं नाक वडीला लागणार एवढ्यात बापूरावांनी साहेबाचं मनगट धरलं.

मिलमध्ये साहेबाच्या अंगाला आजवर कुणाचा हात लागला नव्हता. हमालांनी गासड्या खाली ठेवल्या. साहेब सावकाश सरळ झाला. त्याची मान तांबडी, मग कान तांबडे.

“व्हॉट इज धिस, बापूराव?”

बापूरावांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. पण मनगट सुटलं नव्हतं.

“सर,” ते म्हणाले, “कॅट इज ऑन ड्यूटी. ड्यूटीवर स्टाफनं बक्षीस घ्यायचं नाही. युवर ओन ऑर्डर, सर!”

साहेबानं वडी परत खिशात घातली.

*

प्लेगचं नाव आता तुम्ही हसत हसत घ्याल. तेव्हा नुसता मेलेला उंदीर दिसला तरी माणसं गाव सोडून माळावर झोपड्या बांधायला निघायची.

एका सकाळी गासडीच्या कडेला उंदीर मरून पडलेला. चिमणीनं मारला असेल म्हणावं, तर अंगावर दाताची खूण नाही. आणि त्याच दिवशी चिमणी जेवायला आली नाही. ती कोपऱ्यात बसलेली, तोंडातून लाळ, अंग तापलेलं. मी जवळ गेलो आणि तिथंच थबकलो. तिच्या गळ्याखाली गाठ होती. सुपारीपेक्षा मोठी.

“गाठ!” हमालांतलं कुणीतरी पुटपुटलं. बघता बघता गोदाम रिकामं झालं. दाराबाहेर माणसं उभी, आत आम्ही चौघं आणि ती.

घरी माझी मुलगी रांगती होती. आदल्याच दिवशी याच हातांनी मी चिमणीला कुरवाळलं होतं आणि त्याच हातांनी घरी जाऊन पोरीला उचललं होतं. मला दुसरं काही सुचेना. मी हात धोतराला पुसत राहिलो.

“कळवायला लागंल,” मल्लप्पा म्हणाला. “मग मिलला टाळं. आन् हिला तर...”

“आधी डॉक्टर!” बापूराव म्हणाले. त्यांनी अंगावरचं उपरणं काढलं, चिमणीला त्यात उचललं आणि छातीशी धरून चालायला लागले. आम्ही बघतच राहिलो. विटाळ मानणारा माणूस तो!

रानडे डॉक्टरांनी रबरी हातमोजे चढवले. आम्हाला उंबऱ्याबाहेर उभं केलं. दार लोटलं. आतून एकदा चिमणीची किंकाळी आली, मग काहीच नाही. रसूलभाई भिंतीला डोकं टेकून उभा. मी पोरीचं नाव मनात घेत होतो.

दार उघडलं. डॉक्टरांच्या चिमट्यात काहीतरी बारीक, टोकदार होतं.

“प्लेग नाही. हाड घशात रुतून गळू झालं होतं, फोडलं. शिजवलेल्या हाडाच्या अशा सुया होतात. मांस द्या, पण शिजलेलं हाड कधी देऊ नका!”

आणि तो उंदीर? तो गासडीखाली चेंगरला होता, हे हमालांनीच मग कबूल केलं.

आमच्या जिवात जीव आला. सगळे एकदम बोलायला लागले. तेवढ्यात डॉक्टर हाड उजेडात धरून म्हणाले, “कोंबडीचं आहे. गोदामात कोंबडी कुणाच्या डब्यात असते?”

“शिवा शिवा!” मल्लप्पानं कानाला हात लावले.

“मेरे घर में बकरा पकता, साब,” रसूलभाई छाती ठोकून म्हणाला. “मुर्गी कबी नै!”

माझ्या डब्यात भाकरी आणि शेंगाची चटणी, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग आम्ही तिघांनी एकदमच मान वळवली. बापूराव दवाखान्याच्या छताकडं बघत होते. अगदी लक्ष देऊन, जणू कौलं मोजायची होती!

*

आता शेवटचा सांगतो आणि उठतो.

सोलापुरात लष्करी कायदा लागला तो एकोणीसशे तीसचा उन्हाळा. मिल बंद. रस्त्यांवर गोरे सोजीर. पांढरी गांधी टोपी डोक्यावर घालायचीही चोरी. घरांच्या खिडक्या दिवसासुद्धा लावलेल्या. आणि चिमणी गोदामात कुलूपबंद! गडबड सुरू व्हायच्या जरा आधी ती गासड्यांमागं व्यालेली. पिल्लांचे डोळेही उघडले नव्हते.

रसूलभाईला घराबाहेर पडता येईना. तो निरोप धाडायचा, “वो मर जायेंगी.” शेवटी मॅनेजरसाहेबांनी खटपट करून गोदामाच्या पाहणीसाठी दोन पास मिळवले. एक माझा, एक मल्लप्पाचा. रसूलभाईच्या बायकोनं डबा भरून दिला. बकऱ्याचं मांस, नुसतं पाण्यात उकडलेलं. बाळंतीण मांजरीला मीठ-मसाला काही नको, असं रानडे डॉक्टरांनी बजावलं होतं. मल्लप्पानं डबा घेतला, पण हात लांब करून, अंगापासून दूर धरून.

मिलच्या फाटकाशी पहारा होता. एक गोरा अंमलदार आणि संगीन लावलेला एक हिंदी शिपाई. शिपायानं अडवलं.

“डिब्बे में क्या है?”

“गोश्त हाय जी,” मल्लप्पा म्हणाला.

शिपायानं त्याच्या कपाळावरची विभूती बघितली, गळ्यातलं लिंग बघितलं. “तू गोश्त खाता है?”

“न्हाई जी! शिवा शिवा!”

“तो फिर किसके लिए?”

मल्लप्पाची बोबडी वळली. “आत... आत बाळंतीण हाय!”

मी डोळे मिटले. बंद मिलमध्ये बाई! शिपायानं अंमलदाराला इंग्रजीत काहीतरी सांगितलं. अंमलदार पुढं आला. डब्याचं झाकण छडीनं उडवलं, वास घेतला आणि मल्लप्पाकडं बोट केलं.

“ईट.”

मल्लप्पाला शब्द कळला नाही, पण बोट कळलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. जन्मात ज्याला बोट लावलं नाही ते खायचं, नाहीतर ती संगीन! त्यानं गळ्यातलं लिंग मुठीत धरलं. डब्याकडं हात नेला. पण बोटं आत जाईनात.

“साहेब, मी खातो!” मी ओरडलो, आणि डबा ओढून एक तुकडा तोंडात टाकला. मी मांस खाणारा. पण ते असं अळणी, की माझं तोंड वाकडं झालं. अंमलदारानं ते टिपलं.

“व्हॉट? पॉयझन?”

“नो, नो सर! ओन्ली... नो सॉल्ट!”

शब्द गेला आणि मागून माझं काळीज गेलं. मिठाचा कायदा मोडला म्हणून तेव्हा देशभर धरपकड चालली होती! शिपाई ताठ झाला.

“नो सॉल्ट? व्हाय?” अंमलदारानं विचारलं.

“सॉल्ट... बंद है, सर.”

“किसके हुकूम से?” शिपायानं विचारलं.

मल्लप्पाला वाटलं, आता तरी खरं सांगून सुटावं. “डाक्टरच्या जी! डाक्टरनी सांगितलंय, मीठ आजाबात न्हाई!”

“कौन डॉक्टर? कहाँ है वो?”

आता कुठल्या तोंडानं काय सांगावं! ती दिसली की सगळं आपोआप कळेल म्हणून मी नुसतं गोदामाकडं बोट केलं. त्यांनी आम्हाला पुढं घातलं. पाठीला संगीन लागत नव्हती, पण ती कुठं आहे ते चालताना प्रत्येक पावलाला कळत होतं. मी कुलूप काढलं. किल्ली दोनदा खाली पडली. दार उघडलं. आत काळोख. आणि त्या काळोखात काहीतरी सळसळलं.

शिपायानं बंदूक खांद्याला लावली.

“मारू नगा!” मल्लप्पा त्याच्यापुढं आडवा झाला. “चिमणे, ये गं. ये बाई बाहेर.”

गासड्यांमागून चिमणी आली. हाडं वर आलेली, पोट खपाटीला. तोंडात मानेला धरलेलं एक पिल्लू. तिनं कुणाकडं पाहिलं नाही. उजेडात आली, पिल्लू खाली ठेवलं आणि डब्यापाशी बसून खायला लागली.

तिच्या खाण्याचा आवाज तेवढा येत होता. अंमलदार बराच वेळ बघत राहिला. शिपायाची बंदूक कधी खाली आली ते मला दिसलं नाही. मग अंमलदार “गो होम” म्हणाला आणि पाठ फिरवून चालता झाला.

दुसऱ्या दिवशी यायला आमचे पाय उचलेनात. तरी आलो. फाटकाशी पहारा तोच. दोघांनीही आमच्याकडं पाहिलं नाही, पासही मागितले नाहीत. गोदामापाशी पोचलो तर पायरीवर पलटणीतला एक पांढरा चहाचा मग ठेवलेला. आत उकडलेलं मांस, बारीक तुकडे केलेलं.

मल्लप्पा मागं सरला. “कुणी ठेवलं हो हे? शिपायानं, का सायबानं?”

मी मागं वळून बघितलं. दोघांच्याही पाठी आमच्याकडं होत्या.

“असं कुणाचं बी घालायचं का तिला?” मल्लप्पा हळूच म्हणाला.

मी खाली बसलो. मगात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

मीठ नव्हतं.